जिऱ्याएवढं पिल्लू आणि समुद्राचे मजले



आज एका कोड्यापासून सुरुवात करू. समजा, तुम्ही जिऱ्याच्या दाण्याएवढे आहात. तुम्हांला हात नाहीत, पाय नाहीत आणि धड पोहताही येत नाही. आई-बाबा कुठे आहेत, ठाऊक नाही. आणि तुम्ही आहात कुठे, तर भर समुद्रात! खाली दोन-तीन किलोमीटर पाणी, चहूकडे पाणीच पाणी. सोबत शिदोरी आहे, पण ती दोन-चार दिवसच पुरेल. सांगा पाहू, जगायचं असेल तर तुम्ही काय कराल?

“पोहत पोहत किनाऱ्याला जाऊ,” असं कुणी म्हणेल. पण ते जमायचं नाही. का नाही, त्याचं गणित आपण थोड्या वेळानं मांडणारच आहोत. मात्र एक गोष्ट तुम्हांला नक्की जमेल. तुम्ही थोडं वर जाऊ शकाल, नाहीतर थोडं खाली. बस्स, एवढंच! आणि गंमत अशी, की जगणं-मरणं, पोट भरणं, योग्य जागी पोचणं हे सगळं बरंचसं त्या वर-खाली जाण्यावरच ठरेल.

हे कोडं काही काल्पनिक नाही, बरं का! समुद्रातल्या बहुतेक माशांची पिल्लं आपलं आयुष्य असंच सुरू करतात. शास्त्राच्या पुस्तकात त्यांना ‘डिंभ’ म्हणतात. आपल्याकडे तळ्यांत मासे पाळणारे लोक अशा नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना ‘मत्स्यजिरे’ म्हणतात. किती नेमकं नाव! जिऱ्याएवढं ते जिरे. मग ते वाढून बोटाएवढं झालं की ‘बोटुकली’. आपण आज याच जिऱ्यांची गोष्ट ऐकू.

आता तुम्ही म्हणाल, आपण नांदेड-लातूरकडचे, आपल्याला समुद्राचं काय? नदी, तळी आणि विहिरी हेच आपलं पाणी. ठीक आहे, मग तिथूनच सुरुवात करू.

तुमच्यापैकी किती जण विहिरीत पोहायला शिकलात? पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून उडी मारायची आणि हातपाय झाडायचे! उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट लागतं. पण जरा खाली बुडी मारली, की पाय एकदम गार पाण्यात जातात. आणखी खाली गेलं तर अंधार. म्हणजे विहीर एकच, पाणी एकच, पण वर एक हवामान आणि खाली दुसरं. जणू पाण्याची माडीच. वरचा मजला उबदार आणि उजेडाचा, खालचा गार आणि काळोखाचा.

मासे हे मजले चांगले ओळखतात. आपल्याकडच्या तळ्यांत आणि धरणांत कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे एकत्र सोडतात. तिघं एकाच पाण्यात राहतात, तरी जेवायला वेगवेगळ्या मजल्यावर बसतात. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. कधी बाजारात गेलात तर त्यांची तोंडं नीट बघा. कटल्याचं तोंड मोठं आणि वर वळलेलं असतं. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला झुकलेलं असतं. तोंडावरूनच कळतं, कोण कुठे जेवतं ते! पण मोठेपणी वेगळे झालेले हे तिघं लहानपणी मात्र एकाच पंगतीला असतात. जिरे असताना तिघांचंही खाणं एकच, पाण्यात तरंगणारे बारीक बारीक जीव. या तरंगणाऱ्या जीवांना ‘प्लवक’ म्हणतात.

अजून एक गोष्ट तळ्यावर दिसते. कधीकधी, विशेषतः पावसाळी ढगाळ दिवसांत, अगदी पहाटे तळ्यातले मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. त्यांना काय हवं असतं? प्राणवायू! दिवसा पाण्यातल्या हिरव्या वनस्पती प्राणवायू तयार करतात. रात्री तो तयार होत नाही, पण सगळे वापरत मात्र राहतात. म्हणून पहाटेला तो सगळ्यांत कमी होतो. मग मासा हवेजवळच्या वरच्या मजल्यावर धाव घेतो.

तर उजेड, ऊब, अन्न आणि प्राणवायू या चार गोष्टी पाण्याच्या प्रत्येक मजल्यावर वेगवेगळ्या असतात. एवढं लक्षात ठेवा आणि चला आता समुद्रावर.

समुद्रातले बरेच मासे हजारो, काही तर लाखो अंडी पाण्यात सोडून देतात. घरटं नाही की राखण नाही. अंडी पाण्यात तरंगत राहतात आणि काही दिवसांत फुटतात. आपल्याकडच्या गरम पाण्यात तर एखाद-दोन दिवसांतही फुटतात. त्यातून बाहेर पडतं ते पिल्लू साधारण २ ते ५ मिलिमीटर लांब. काचेसारखं आरपार दिसणारं. नजरेत भरतात ते फक्त त्याचे डोळे. पोटाशी पिवळ्या बलकाची एक छोटी थैली असते. हीच त्याची शिदोरी. ती दोन-चार दिवसांत, थंड पाण्यात जरा जास्त दिवसांत, संपते. त्याआधी पिल्लाला स्वतः शिकार करायला यावं लागतं. नाही आली, तर उपासमार.

नॉर्वे देशातल्या योहान योर्ट या शास्त्रज्ञानं १९१४ साली ही गोष्ट ठासून मांडली. एखाद्या वर्षी समुद्रात मासे भरपूर मिळतात आणि एखाद्या वर्षी अगदी कमी, असं का होतं? लोकांना वाटायचं, मासे कुठेतरी दूर निघून गेले असतील. योर्ट म्हणाला, तसं नाही. शिदोरी संपते त्या दिवसांत किती पिल्लांना खायला मिळालं, यावर पुढच्या कित्येक वर्षांची मासळी ठरत असणार. पुढे इतर शास्त्रज्ञांनी त्यात आणखी कारणांची भर घातली, पण मुख्य गोष्ट खरी ठरली. मासळीचं नशीब बरंचसं जिरे असतानाच ठरतं.

आता पिल्लाची पंचाईत बघा. बहुतेक पिल्लं डोळ्यांनी बघून शिकार करतात. दिसायला उजेड हवा. उजेड कुठे आहे? वरच्या मजल्यावर. अगदी नितळ समुद्रातसुद्धा १०० मीटर खोल गेलं, की पृष्ठभागावरच्या उजेडाचा जेमतेम शंभरावा भाग उरतो. किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात तर काही मीटरांतच अंधारून येतं. म्हणजे जेवण वर आहे. मग सगळ्यांनी वरच राहावं की! पण थांबा. ज्या उजेडात पिल्लाला भक्ष्य दिसतं, त्याच उजेडात मोठ्या माशाला पिल्लू दिसतं! वर राहावं तर कुणीतरी गिळणार, खाली जावं तर उपाशी मरणार. इकडे आड तिकडे विहीर, दुसरं काय!

यातून प्रत्येक जातीनं आपापली तोड काढली आहे. काही जातींची पिल्लं दिवसा खालच्या अंधूक मजल्यावर राहतात आणि सूर्य मावळला की वर येतात. काहींचं अगदी उलट असतं, दिवसा वर आणि रात्री खाली. आणखी काही पिल्लं दिवसा एका ठरावीक थरात दाटीनं असतात आणि अंधार पडला की वर-खाली पांगतात. शाळा भरली की आपण रांगेत असतो आणि सुटली की मैदानभर होतो ना, तसंच! वयाप्रमाणेही मजला बदलतो. अगदी लहान पिल्लाला फार वर-खाली करता येत नाही. जसजसे पर फुटतात आणि अंगात ताकद येते, तसतसा त्याचा रोजचा प्रवास लांबतो.

एका माशाची युक्ती तर मोठी मजेदार आहे. आपल्या कोकणात मांदेली नावाचा छोटा मासा मिळतो. त्याचाच एक भाऊबंद अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर असतो, अँकोव्ही. त्याच्या पिल्लांचा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला. ही पिल्लं सेंटीमीटरभर लांब झाली, की रात्री पाण्याच्या पृष्ठभागावर येतात आणि चक्क हवा गिळतात! माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. ती फुगली की पिल्लू रात्रभर फारसे हातपाय, म्हणजे पर, न मारता तरंगत राहतं. दिवस उजाडला की पिशवी पुन्हा आकसते. आपण पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधतो, हा पठ्ठ्या भोपळा पोटातच घेऊन फिरतो. रात्री काही दिसत नाही, शिकार होत नाही. मग उगाच शक्ती कशाला घालवायची? नाही का?

आता ते गणित मांडू या. वही-पेन्सिल घ्या.

समजा, समुद्राचा प्रवाह सेकंदाला २० सेंटीमीटर वेगानं वाहतो आहे. हा काही फार मोठा वेग नाही, आपल्या रमतगमत चालण्यापेक्षाही कमी. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे एका दिवसात पाणी साधारण १७ किलोमीटर पुढे जातं. आता आपलं पिल्लू ५ मिलिमीटर लांब आहे. अशी लहान पिल्लं सेकंदाला साधारण आपल्या अंगाएवढं किंवा त्याहून थोडं जास्त अंतर कापतात. आपण ५ मिलिमीटर धरू. प्रवाहाचा वेग त्याच्या ४० पट! पिल्लानं कितीही जोर लावला, तरी ते प्रवाहाबरोबर वाहत जाणारच.

पण आता तोच वेग उभा लावून बघा. सेकंदाला ५ मिलिमीटर, तर तासाला किती? ३६०० गुणिले ५, म्हणजे १८,००० मिलिमीटर. १८ मीटर! आपल्या जुन्या माणसांच्या भाषेत दहाएक परस. एक परस म्हणजे साधारण एका पुरुषाची उंची. विहिरीची खोली परसात सांगतात ना, ती. म्हणजे जे पिल्लू आडवं जायला अगदी दुबळं आहे, तेच उभं जायचं झालं तर एका तासात दहा परसांची विहीर तळापर्यंत उतरू शकतं.

“बरं मग? वर-खाली करून पोचणार कुठे?” असं तुम्ही विचाराल. खरी युक्ती इथेच आहे. समुद्राचे सगळे मजले एकाच दिशेला, एकाच वेगानं वाहत नाहीत! वारा वरच्या पाण्याला एका बाजूला ढकलत असतो, त्याच वेळी खालचं पाणी दुसरीकडे चाललेलं असतं. तळाशी तर जमिनीला घासून पाणी अगदी मंद होतं.

बसस्थानकाचं उदाहरण घ्या. लातूरच्या स्थानकात तुम्ही उभे आहात. एस.टी. तुम्हांला ओढता येते का? नाही. पण कोणत्या एस.टी.त चढायचं, हे तर तुमच्या हातात आहे! नांदेडच्या गाडीत चढलात तर नांदेडला, सोलापूरच्या गाडीत चढलात तर सोलापूरला. समुद्राचा एकेक मजला म्हणजे एकेक गाडी. पिल्लू वर-खाली करून गाडी बदलतं.

याचं पक्कं उदाहरण नदी समुद्राला मिळते तिथे, म्हणजे खाडीत, बघायला मिळतं. भरतीला समुद्राचं पाणी खाडीत आत येतं, ओहोटीला बाहेर जातं. दिवसातून साधारण दोनदा हे चालतं. युरोपच्या किनाऱ्यावर लांबट, सापासारखे दिसणारे ईल मासे आणि चपटे प्लेस मासे यांची पिल्लं वाढण्यासाठी खाडीत आणि उथळ किनाऱ्यावर येतात. आत कशी येतात? भरती सुरू झाली, की तळ सोडून वर पाण्यात येतात आणि पाण्याबरोबर फुकटात आत जातात. ओहोटी लागली, की तळाशी जाऊन बसतात, कारण तिथे प्रवाह मंद असतो. पुन्हा भरती आली, की पुन्हा वर! चार पावलं पुढे, एक पाऊल मागे, असं करत ती आत पोचतात. नकाशा नाही, होकायंत्र नाही. नुसतं वर आणि खाली.

आणि चुकीच्या वेळी चुकीच्या मजल्यावर राहिलं तर? काही ठिकाणी वाऱ्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून खोल समुद्राकडे ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं गार पाणी किनाऱ्याकडे येतं. पावसाळ्यात केरळच्या बाजूला हे दिसून येतं. अशा वेळी वरच्या मजल्यावर सतत राहणारं पिल्लू दूर समुद्रात वाहून जाऊ शकतं. जरा खाली असलेल्या पिल्लाला किनाऱ्याजवळ टिकून राहण्याची संधी जास्त असते.

आता आपल्या गोदामाईकडे येऊ. लातूरच्या शिवारातून मांजरेत गेलेलं पाणी पुढे गोदावरीत जातं. नांदेडहून वाहत निघालेली गोदावरी तेलंगण, आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, कृष्णा याही तिथेच जातात. नद्यांचं पाणी गोडं, म्हणून हलकं. समुद्राचं खारं, म्हणून जड. त्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतर बंगालच्या उपसागरावर कमी खाऱ्या पाण्याचा एक थर झाकणासारखा पसरतो. खालचं खारं पाणी आणि वरचं हे पाणी सहजासहजी एकमेकांत मिसळत नाही. म्हणजे आपल्याकडे पडलेल्या पावसाचाही समुद्राचे मजले बांधण्यात थोडा हातभार लागतो!

पाण्याच्या खारेपणावर अंडी कुठे तरंगतील हेही ठरतं. हे तुम्ही घरीच पाहू शकता.

करून पाहा

एक मोठा काचेचा पेला घ्या. अर्धा पेला पाणी घेऊन त्यात मीठ घालून ढवळत राहा, विरघळेनासं होईपर्यंत. आता त्यात कोंबडीचं कच्चं अंडं अलगद सोडा. घरी अंडं चालत नसेल तर छोटा बटाटा घ्या. तो तरंगेल. मग पाण्याच्या अगदी वर चमचा आडवा धरा आणि त्या चमच्यावरून साधं पाणी हळूहळू, धार लागू न देता, ओता. घाई करू नका. पेला भरत आला की बघा, अंडं किंवा बटाटा ना वर, ना तळाशी. मध्येच अधांतरी! खाऱ्या पाण्यात तो बुडत नाही आणि गोड्या पाण्यात तरंगत नाही. दोन्ही मजल्यांच्या मध्ये त्याची जागा ठरते. लहान भावंडांना बोलावून जादू म्हणून दाखवा, मग कारण सांगा.

याच जादूवर युरोपातल्या बाल्टिक समुद्रात एका माशाचं जगणं अवलंबून आहे. स्वीडन आणि पोलंड या देशांच्या मधला हा समुद्र फारसा खारट नाही. आपल्या अरबी समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५-३६ ग्रॅम क्षार असतात. बाल्टिकच्या वरच्या पाण्यात असतात फक्त ७-८ ग्रॅम. तिथल्या कॉड माशाच्या अंड्यांना तरंगायला साधारण ११ ग्रॅम तरी लागतात. म्हणून ती अंडी वरच्या पाण्यात टिकत नाहीत. खाली खाली जात खारट थरात जाऊन अधांतरी थांबतात, तुमच्या पेल्यातल्या अंड्यासारखी. पण त्या खालच्या मजल्यावर प्राणवायू कमी! जेव्हा शेजारच्या उत्तर समुद्रातून ताजं, खारट आणि प्राणवायू असलेलं पाणी आत येतं, तेव्हा अंडी जगतात. ते दरवर्षी भरपूर येत नाही. न आलं तर खाली अंडी गुदमरतात. आणि जी पिल्लं बाहेर पडतात, त्यांना खायला मिळावं म्हणून पुन्हा वरच्या उजेडाच्या मजल्यापर्यंत चढावं लागतं. जन्म तळघरात आणि जेवण माडीवर!

आपल्या अरबी समुद्रातही प्राणवायूचं असंच एक कठीण प्रकरण आहे. वरचे मजले चांगले हवेशीर. पण साधारण १५० मीटरांपासून हजारेक मीटरांपर्यंत, विशेषतः उत्तरेकडच्या भागात, पाण्यात प्राणवायू अगदी नाममात्र उरतो. वरच्या मजल्यांवर प्लवक खूप वाढतं, मरतं आणि खाली पडतं. ते कुजवताना सूक्ष्म जीव प्राणवायू संपवून टाकतात आणि वरून नवी हवा तिथवर लवकर पोचत नाही. शेवाळलेल्या बंद विहिरीसारखीच गत! अशा समुद्रात बहुतेक पिल्लांना खाली लपायला फार जागा उरत नाही.

पण याच समुद्रात एक चमत्कारिक मासा राहतो. त्याच्या अंगावर बारीक बारीक ठिपके चमकतात, म्हणून त्याला कंदीलमासा म्हणता येईल. मोठे कंदीलमासे दिवसा त्या कमी प्राणवायूच्या अंधाऱ्या मजल्यावर जाऊन लपतात, कारण तिथे पाठलाग करणारे थोडेच असतात. रात्र झाली की शेकडो मीटर चढून वर जेवायला येतात. त्यांची पिल्लं मात्र वरच्या उजेडाच्या मजल्यांवरच राहतात. मोठं झाल्याशिवाय तळघराची किल्ली मिळत नाही!

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल. एवढ्या खोल समुद्रात, एवढंसं पिल्लू कोणत्या मजल्यावर आहे, हे कळतं तरी कसं?

१९६५ पर्यंत चाललेली एक मोठी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम होती. डझनभराहून जास्त देशांनी आपली जहाजं पाठवली होती. आपल्या नौदलाचं ‘किस्तना’ हे जहाजही त्यात होतं. सगळ्यांनी एकाच मापाची जाळी वापरायची ठरवली. एक चौरस मीटर तोंडाची, बारीक विणीची. ती २०० मीटर खोल सोडायची आणि सरळ उभी वर ओढायची. त्यात सापडलेलं प्लवक, माशांची अंडी आणि पिल्लं कोचीनच्या केंद्रात निवडली गेली. तांदळातले खडे निवडतात ना, तसं, पण सूक्ष्मदर्शकाखाली! या मोहिमेनंतर लगेच, १ जानेवारी १९६६ रोजी, आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती गोव्यात दोना पावला इथे आहे. सहलीला गेलात तर बाहेरून तरी नक्की बघा.

पण त्या जाळीत एक अडचण होती. ओळखा पाहू कोणती? जाळं खालपासून वरपर्यंत उघडंच! २०० मीटरवरचं पिल्लू आणि ५ मीटरवरचं पिल्लू एकाच पिशवीत. कोण कोणत्या मजल्यावरचं, कसं सांगणार? म्हणून हव्या त्या खोलीवर उघडणारी आणि बंद होणारी जाळी वापरतात. १९७० च्या दशकात तर एकाच चौकटीत अनेक जाळी बसवण्याची सोय झाली. जहाजावरून खूण केली, की एक जाळं मिटतं आणि दुसरं उघडतं. म्हणजे एका खेपेत प्रत्येक मजल्याची वेगळी पिशवी! दिवसा एकदा आणि रात्री एकदा असं केलं, की कोण कुठून कुठे गेलं ते कळतं.

मित्रांनो, हे सगळं कशासाठी शोधायचं? एक कारण आपल्या पोटाशी निगडित आहे. आपल्या आठवडी बाजारात सुके बोंबील येतात, ते समुद्राकाठच्या कोळ्यांच्या कष्टाचे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर गेली काही वर्षं १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. एक तर समुद्र खवळलेला असतो. शिवाय या दिवसांत बऱ्याच माशांची वीण होते. त्या दिवसांत कोळ्यांच्या घरी कमाई नसते, म्हणजे ही बंदी त्यांना फुकट पडत नाही. म्हणून पिल्लं कुठे असतात, केव्हा असतात, कशानं जगतात हे नीट माहीत असायला हवं. तरच नियम योग्य होतील.

दुसरं कारण जरा काळजीचं आहे. समुद्र तापतो आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि पाण्याचे थरही एकमेकांत कमी मिसळतात. १९६० नंतरच्या सुमारे पन्नास वर्षांत जगातल्या समुद्रांतला २ टक्क्यांहून जास्त प्राणवायू घटल्याचं २०१७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. २ टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण जिऱ्याएवढ्या पिल्लाजवळ हुशारी एकच, वर जायचं की खाली. खालचे मजले एकेक करून बंद होऊ लागले, तर त्या हुशारीला जागाच उरणार नाही. वर शत्रू आणि खाली गुदमर!

मोठे समुद्र आपल्या हातात नाहीत. पण आपली तळी आहेत. गावच्या तळ्यात बारीक जाळ्यानं बोटुकल्या ओढून काठावर टाकून देणारी मंडळी तुम्ही पाहिली असतील. त्यांना एवढं सांगा, की हे पिल्लू कितीतरी भावंडांतून एकटं वाचलेलं आहे. त्याला मोठं होऊ द्या. वर्षभरानं तेच किलोभराचं होईल.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. एक, पेल्याचा प्रयोग करा आणि अंडं किंवा बटाटा किती वेळ अधांतरी राहतो ते घड्याळ लावून लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पेला पुन्हा बघा, थर तसेच आहेत का? दोन, मोठ्या माणसांना सोबत घेऊन तळ्यावर किंवा नदीकाठी पहाटे आणि दुपारी जा. मासे कधी वर दिसतात, त्याची नोंद करा. तीन, डोकं चालवा. प्रवाह सेकंदाला १० सेंटीमीटर असेल, तर पिल्लू एका दिवसात किती किलोमीटर वाहत जाईल? उत्तरं पोस्टकार्डावर लिहून पाठवा. आकडा चुकला तरी चालेल, रीत मात्र पूर्ण लिहा.

भेटू पुढच्या अंकात!